नोंदवलेला हात

'लाइन स्लो आहे' असं कुणी म्हटलं, की आमच्या कारखान्यातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळतात. लग्नाआधी मी पेणच्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. या गोष्टीचं सासरी कधी कुणी कौतुक केलं नाही. पण काही बंद पडलं, की ती त्यांना बरोबर आठवते.

जूनमध्ये कंपनीचा निरोप आला. यंदा तिकडे नवे यंत्रहात बसवले आहेत, तुमच्या कॉम्प्युटरला मिळतोय त्याच्या दहापट वेग लागेल, लाइन दुरुस्त करून घ्या.

"बघ गं जरा," आमचे हे म्हणाले आणि चहाचा कप घेऊन बाजूला झाले. मी नवऱ्याला नावानं कधी हाक मारलेली नाही. पण 'हे', 'हे' करत गोष्ट पुढे सरकायची नाही, म्हणून इथे त्यांना हेमंत म्हणते. हेमंत वरसईकर. गणपतीच्या डोळ्यांची आखणी म्हटली, की रायगड जिल्ह्यात ज्यांचं नाव पहिलं निघतं, ते.

पूर्वी आमच्या मूर्ती जहाजानं परदेशी जायच्या. मग एवढी माती समुद्रापार नेण्यावर जबर कर बसला आणि ते बंद झालं. आता मूर्ती तिकडेच यंत्रातून शाडूच्या लगद्यानं थर चढवून तयार होते, रंगही तिकडेच लागतो. डोळे मात्र लोकांना पेणचेच हवे असतात. म्हणून 'स्पर्शसेतू' नावाच्या कंपनीनं तोडगा काढला. हेमंत इथे खिडकीपाशी बसतात. त्यांच्या हातात ब्रशाची दांडी असते, ती बारीक मोटरींना जोडलेली असते. समोर काहीही नसतं, तरी दांडी टेकवली की मूर्तीच्या पापणीचा उंचवटा बोटांना लागतो. आणि तिकडे न्यू जर्सीत, मंदार करंदीकरांच्या गोदामात, एक यंत्रहात खऱ्या मूर्तीवर तीच रेषा ओढतो.

यातली ग्यानबाची मेख अशी. स्पर्श कळायला सेकंदाला हजारेक निरोप यावे-जावे लागतात, आणि पेणहून न्यू जर्सीला जायला प्रकाशालासुद्धा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ब्रश थांबला तर रेषेला गाठ पडेल. म्हणून यंत्रहात थांबतच नाही. हेमंतचा हात आता कुठे वळेल याचा अंदाज बांधून तो पुढे जातो, आणि मागून खरा निरोप आला की त्याप्रमाणे स्वतःला सुधारतो. या अंदाज बांधणाऱ्या भागाला कंपनी 'अनुमान' म्हणते. तो शिकतो कलाकाराच्या जुन्या रेषांवरून. हे सगळं करारावर सही करताना एका मुलानं आम्हाला समजावलं होतं. आम्ही माना डोलावल्या होत्या आणि त्याला पोहे खायला घातले होते.

तर, लाइन. मोबाइल वायफायवर वाऱ्यासारखा पळत होता आणि कॉम्प्युटर तारेवर असूनही मुंगीच्या पावलांनी चालत होता. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती, दुखणं घरातलंच. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाठीमागे गुपचूप काही उतरवून घेत नाही ना, ते पाहिलं. राउटरमधली जागा बदलली. मग जोडणीची माहिती उघडली, तर तिथे वेगाचा आकडा हजारच्या जागी शंभर.

"तारेला वाळवी लागली असेल," हेमंत म्हणाले.

"तांब्याला वाळवी लागते होय?"

"मग गंजली असेल. मला काय विचारतेस?"

या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. पूर्ण वेगाला चारही जोड्या लागतात. त्यातली एक तुटली, तरी कॉम्प्युटर बोंब मारत नाही. उरलेल्या जोड्यांवर दहाव्या हिश्शानं काम ओढत राहतो, घरातल्या बाईसारखा निमूट. मी भिंतीकडेनं तार चाचपत गेले. कपाटामागे एक खिळा थेट तारेतूनच आरपार गेला होता. मागल्याच्या मागल्या दिवाळीत रंग काढला, तेव्हा हेमंतनी हौसेनं तार भिंतीला ठोकून घेतली होती. तुटलेली जोडी शेजारच्या जोडीला चिकटली होती, त्यामुळे वेग गेला होताच, शिवाय निम्मेशिम्मे निरोप वाटेतच गळत होते.

"हा खिळा कुणी मारला?"

"मारला असेल कुणीतरी," असं म्हणून ते रंग कालवायला निघून गेले.

मी नवी तार टाकली. आकडा हजारवर गेला. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, हेमंत पहिल्या मूर्तीला बसले. अर्ध्या तासात करंदीकरांचा फोन.

"वहिनी, आज झालंय काय? पापणीची रेषा अगदी थरथरलीय हो. नागमोडी. लाइन बघता का जरा?"

"आजच दुरुस्त केली की."

"मग बिघडवून ठेवलीत वाटतं," ते हसत म्हणाले. "गेल्या वर्षी काय डोळे होते! लोक मूर्तीसमोरून हलत नव्हते."

मी लाइन पुन्हा तपासली. एकही निरोप गळत नव्हता. हेमंत वैतागले होते. "नवी तार बोगस आहे. जुनी लाव." हे म्हणताना त्यांनी दांडी हवेत धरली होती आणि तिचं टोक हलत होतं. वर्षभर मी त्यांच्या बशीत सांडलेला चहा पुसत होते आणि वय झालं, असं स्वतःला सांगत होते. त्या क्षणी मला शर्वरीची आठवण आली.

शर्वरी आमची एकुलती एक मुलगी. दहावीपासून बापाशेजारी बसून आखणी शिकली. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ती त्यांना म्हणाली, "बाबा, तुमचा हात हलतोय. डॉक्टरांना दाखवा. तोवर मी बसते." चांगल्या मनानं म्हणाली. पण हेमंतचं डोकं फिरलं. त्यांनी न्यू जर्सीहून आलेले फोटो पडद्यावर लावले आणि सगळ्या कारागिरांसमोर विचारलं, "हा हलणाऱ्या हाताचा डोळा आहे? दाखव, कुठे हललाय?" तिला दाखवता येईना. रेषा खरोखरच सुरेख होत्या. "बापाची गादी पाहिजे म्हणून बापाला लुळा ठरवतेस?" असं ते बोलले. ती त्याच आठवड्यात नाशिकला निघून गेली, एका मूर्तिकाराकडे नोकरीला. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोललेले नाहीत. फोटो मीही पाहिले होते आणि मलाही ते खरे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत फोन लावला. निखत नावाची सोलापूरची एक मुलगी होती, गोड बोलणारी.

"काकू, एक सांगू? तुमची लाइन खराब होती, तेच तुमच्या पथ्यावर पडलं होतं."

"ते कसं?"

"लाइन चांगली असली, की अनुमान क्षणोक्षणी सुधारला जातो. म्हणजे सरांचा हात जसा आहे तसाच तिकडे पोचतो. लाइन खराब असली, की सुधारणा पोचतच नाहीत. मग अनुमान आपल्या अंदाजानं रेषा पूर्ण करतो. गेल्या सीझनला बहुतेक डोळे त्यानंच काढलेत."

"आणि त्याचा हात हलत नाही."

"त्याला आम्ही शिकवतानाच थरथरलेल्या रेषा बाद करतो, काकू. तो त्यांना गोंधळ समजतो. स्वच्छ रेषा तेवढ्या ठेवतो."

"कुणाच्या रेषा?"

"सरांच्याच ना. लॉगिन एकच आहे तुमचं."

मी फोन ठेवला. आमच्या धंद्यात सही नसते. अंगाचा रंग एकानं दिलेला असतो, पितांबर दुसऱ्यानं, डोळे तिसऱ्यानं. बाहेर पडताना तो वरसईकरांचा गणपती असतो. कंपनीशी करार झाला तेव्हा लॉगिनही तसंच, एकच. गेल्या सीझनला एकटे हेमंतच बसले, पण त्याआधीचे पहिले दोन सीझन काम दोन पाळ्यांत चालायचं. संध्याकाळी हेमंत बसायचे, आणि आता वाटतं, त्यांचा हात तेव्हापासूनच बारीक हलत असणार. आणि पहाटे, तिकडच्या संध्याकाळी, शर्वरी बसायची, कारण हेमंतना पहाटे उठवणं म्हणजे कुंभकर्णाला उठवणं. हे कंपनीला सांगायला हवं, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. यात सांगण्यासारखं काय होतं? घरचंच माणूस होतं.

मी गेल्या वर्षीचे फोटो काढून मोठे करून पाहिले. हेमंतची पापणीची रेषा डोळ्याच्या कोपऱ्यात येऊन थांबते, तांदळाच्या टोकासारखी गोल. शर्वरी ब्रश उचलता उचलता किंचित पुढे ओढते. कानाच्या दिशेला केसाएवढी रेघ उरते. त्यावरून तिनं किती बोलणी खाल्ली होती! "शेपूट काढू नकोस. देव आहे तो, मांजर नाही." फोटोंतल्या एकूण एक डोळ्याला शेपूट होतं.

हेमंतना मी काही समजावलं नाही. नुसते फोटो समोर धरले. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले. त्यांना क्षणही लागला नाही.

"हे शरूचं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. बराच वेळ उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

शर्वरीला फोन करून सगळं सांगितलं. ती हसली, पण ते हसणं मला ऐकवलं नाही.

"आई, आता कळलं मला. मार्चमध्ये मी स्पर्शसेतूकडं स्वतःच्या नावानं अर्ज केला होता. नमुन्याचे डोळे काढून दाखवले. त्यांनी काय कळवलं माहितेय? हा हात आधीच नोंदलेला आहे, हेमंत वरसईकर, पेण. नक्कल चालणार नाही. मला वाटलं, शिकलेच बाबांकडून, दिसत असेल सारखं. वर्षभर शेपूट सोडायचा प्रयत्न करतेय मी. नाही सुटत."

"अगं, मग आता काय करायचं?"

"मी काय करणार? मी सांगितलं तर नक्कल करणारीच बोंब मारतेय म्हणतील. बाबांनी सांगायला पाहिजे."

निखतनं वाट सांगितली. नोंदणी ज्याच्या नावानं आहे, त्यानं चांगल्या लाइनवर, अनुमान पूर्ण बंद ठेवून, कंपनीच्या परीक्षकांसमोर एक मूर्ती आखायची. त्याचा हात आणि नोंदलेला हात वेगळे निघाले, की नोंदणी फुटते आणि पहाटेच्या पाळीतल्या रेषा शर्वरीच्या नावावर चढतात. अगदी सोपं काम. हेमंतनी नेहमीसारखं बसायचं आणि हात हलेल तसा हलू द्यायचा.

मला वाटलं होतं, आता घरात महाभारत होणार. पण हेमंत लगेच हो म्हणाले.

"पोरीचं आहे ते, तिला मिळायलाच पाहिजे. मी काय तिचं खाणार आहे?" मग स्वतःच फोन लावून तिला म्हणाले, "ये तू. तुझ्यासमोरच होऊ दे." एका वर्षानं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले. इतकं चांगलं माणूस आपल्या पदरात पडलंय, असंही मनात आलं. माणसाला आनंद झाला, की अक्कल गहाण पडते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते पनवेलला ब्रश आणायला म्हणून गेले. रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मग माझं नाव कुठे राहणार?"

"कारखान्यावर पाटी आहे की."

"पाटी," ते म्हणाले आणि भातावर ताक घेतलं.

दुसऱ्या दिवशी शर्वरी आली ती संध्याकाळच्या गाडीनं, बारीक झालेली. वाकून नमस्कार केला. हेमंतनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिच्या केसांतही थरथरताना मला दिसला. पडद्यावर परीक्षक होते, निखत होती, करंदीकरही होते. लाइनचा आकडा मी मोठ्यानं वाचून दाखवला. हेमंत आत जाऊन पाणी पिऊन आले, कपडे बदलून बसले, आणि म्हणाले, "थोडं थांबूया. घाई कशाला?" आम्ही थांबलो. गप्पा झाल्या. करंदीकरांनी तिकडच्या उकाड्याचं रडगाणं गायलं. साधारण तासाभरानं हेमंतनी दांडी उचलली.

टोक हलत नव्हतं.

मला आधी वाटलं, अनुमान चालू राहिला. मी पडद्याकडे पाहिलं. तो बंद होता. मी दांडीकडे पाहिलं. ती दांडी इथे होती, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि स्थिर होती. वरची पापणी एका श्वासात उतरली. कोपऱ्यात आल्यावर त्यांनी ब्रश किंचित पुढे ओढला, कानाच्या दिशेनं, केसाएवढा. मग दुसरा डोळा. तिथेही तसंच.

शर्वरी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

पडद्यावर परीक्षकांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. नोंदलेला हात आणि हा हात एकच. शंका मिटली. नोंदणी कायम. निखतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला दिसला. पण ती नोकरदार मुलगी, ती काय बोलणार?

हेमंतच्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची चकचकीत पट्टी डोकावत होती. पनवेलला ब्रशाबरोबर काय आणलं, ते मला तेव्हा कळलं. थरथर थोडे तास थांबवणाऱ्या गोळ्या असतात, त्या लागू पडायला तासभर लागतो, हे नंतर मी शोधून वाचलं. शर्वरी त्यांना डॉक्टरकडे जा म्हणाली होती ती याच गोळ्यांसाठी. तिचं त्यांनी ऐकलं, आणि ते असं.

ते दांडी ठेवून वळले. मला वाटलं, आता तरी मान खाली घालतील. त्यांचा चेहरा उजळला होता, वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा. ते खरोखर खूश होते. त्यांनी शर्वरीला जवळ बोलावलं आणि पडद्यावरच्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"बघ," ते म्हणाले. "असा काढायचा असतो."

शर्वरी पुढे आली. तिनं तो डोळा नीट पाहिला, कारागीर पाहतो तसा, वरून खाली.

"चांगला आलाय, बाबा," ती म्हणाली.

तेवढ्यात करंदीकरांचा फोन आला. हेमंत तो घेऊन खिडकीशी गेले. मी शर्वरीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण तिच्या हातात काही जीवही नव्हता.

"तू दिल्यास गोळ्या?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं. देवाशपथ नाही."

"बरं."

"मी बोलते त्यांच्याशी. आत्ता बोलते."

"नको, आई. काय बोलणार आहेस? गोळी घ्यायला बंदी नाही. आणि शेपूट कोणी काढावं, यालाही नाही." तिनं कोपऱ्यातली पिशवी उचलली, अजून उघडलेलीही नव्हती. "पनवेलहून नाशिकची गाडी मिळेल अजून."

मी तिला थांब म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? मला तिचा बाप त्या क्षणी परका वाटत होता, आणि त्याच्याच ताटात मला थोड्या वेळानं भाकरी वाढायची होती.

ती उंबऱ्यात चपला घालत होती तेव्हा खिडकीतून हेमंतचा आवाज आला. मोठा, मोकळा, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा.

"छे हो करंदीकर," ते हसत सांगत होते, "माझ्या हाताला काय धाड भरलीय? आमची लाइन खराब होती. हिनं दुरुस्त केली."